नऊ नंबरच्या सशातलं मेण

१

शुक्रवारी दुपारी समितीने एकमताने ठरवलं, की सगळा दोष नऊ नंबरच्या सशाचा आहे.

त्यानंतर दहा मिनिटांनी त्याच समितीने, पुन्हा एकमताने, ठरवलं की असं काही ठरलंच नव्हतं. तेव्हा मीही वरचं वाक्य लिहिलेलं नाही आणि तुम्ही वाचलेलं नाही. ससा निर्दोष आहे. शिवाय तो जानेवारीतच मेलेला आहे, त्यामुळे त्याला दोन्ही ठरावांचं विशेष काही वाटलं नसावं.

आता काही न घडल्यासारखी गोष्ट सुरू करतो.

मी मंदार. काचीगुड्यात स्टेशनच्या अलीकडे आमचं लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे. मराठी, तेलुगू, उर्दू, इंग्रजी, चारही भाषांत मी दुसऱ्यांच्या सुखाची प्रुफं तपासतो. या धंद्यात माझ्या नावावर एकच डाग आहे. हिमायतनगरच्या एका मुलीच्या लग्नात तेलुगू पत्रिका कमी पडल्या म्हणून मुलाकडच्या काही पाहुण्यांना मराठी पत्रिका धाडल्या. पत्रिकेत एकही चूक नव्हती. तरी ते पाहुणे आठ दिवस उशिरा आले, नटूनथटून, आणि हॉलमध्ये तेव्हा कुणाचंतरी बारसं चालू होतं. ते जेवून गेले. बोलणी मी खाल्ली.

कुकटपल्लीला एक संशोधन संस्था आहे. तिथे सशांवर प्रयोग चालतात. असे प्रयोग करायचे तर नियमाप्रमाणे एक नीतिमत्ता समिती लागते, आणि त्या समितीत विज्ञानाशी काडीचा संबंध नसलेला एक माणूस लागतो. संस्थेने अख्ख्या हैदराबादेत शोध घेतला आणि माझ्यापाशी येऊन थांबली. एवढ्या कमी पात्रतेवर एवढं मोठं पद मिळालेला मी तिथला दुसरा माणूस. पहिले म्हणजे संचालक आणि समितीचे अध्यक्ष डॉ. भगवंतराव.

मार्चच्या पहिल्या सोमवारी त्यांचा फोन आला.

"मंदार, शुक्रवारी मीटिंग आहे. सही करायला ये."

"कशावर, सर?"

"केतकीला काढून टाकतोय. तिने प्रयोगात घोटाळा केला. नऊ नंबरच्या सशाच्या हाडात मेण सापडलंय."

"मग?"

"नऊ नंबरच्या सशात मेण घातलेलंच नव्हतं."

२

हे मेणाचं प्रकरण सोपं आहे. मला समजलं म्हणजे बघा.

ऑपरेशनमध्ये हाड कापलं की हाडातून रक्त झिरपतं. कातडीला टाका घालता येतो, हाडाला येत नाही. म्हणून डॉक्टर काय करतात, तर त्या हाडावर मेण चोळतात. बारीक भोकं बुजतात, रक्त थांबतं, डॉक्टर जेवायला जातात. पण मेण तिथेच राहतं. विरघळत नाही, वितळत नाही, वर्षानुवर्षं जागा अडवून बसतं. नवीन हाड तयार करणाऱ्या पेशी येतात, मेण बघतात आणि परत फिरतात. थोडक्यात, मेणाचा स्वभाव आमच्या समितीच्या अध्यक्षांसारखा आहे. गळती थांबवतं, आणि मग काही वाढू देत नाही.

केतकी चार वर्षं पीएचडीसाठी याच्यावर उपाय तपासत होती. एक पेस्ट. रक्त थांबवते आणि दोन दिवसांत विरघळून जाते, म्हणजे मागून येणाऱ्या हाडाला वाट मोकळी. डिसेंबरात तिने दहा सशांच्या पायाच्या हाडाला मसुरीएवढं भोक पाडलं. एक ते पाच नंबरच्या सशांत मेण भरलं, सहा ते दहामध्ये पेस्ट. आठ आठवडे थांबायचं, मग हाडं काढून बघायचं. मेणवाल्यांचं भोक तसंच राहायला हवं, पेस्टवाल्यांचं भरून यायला हवं.

आठ सशांनी शहाण्यासारखं तसंच केलं. पण नऊ नंबरात, जिथे पेस्ट होती, तिथे मेणाचा गोळा निघाला. आणि एक नंबरात, जिथे मेण होतं, तिथे मेणाचा कणही नाही आणि हाड असं छान भरलेलं, की ससा उड्या मारायला परत येईल.

भगवंतरावांचा निष्कर्ष तयार होता: केतकीने हलगर्जीपणे किंवा मुद्दाम मेण आणि पेस्ट यांची अदलाबदल केली. पीएचडी रद्द, संस्थेतून बाहेर, आणि विद्यापीठाला पत्र, म्हणजे दुसरीकडेही कुणी दारात उभं करणार नाही.

भगवंतरावांबद्दल थोडं सांगायला हवं. तीन पिढ्या हिमायतनगर, शिक्षण कॉन्व्हेंटात. आमच्या मराठी मंडळाचेही तेच अध्यक्ष. दरवर्षी फेब्रुवारीत 'मराठी वाचवा' या विषयावर चाळीस मिनिटं भाषण करतात. भाषण छापून मीच देतो. मराठी शब्द, इंग्रजी अक्षरं, मोठा टाइप. चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणून, असं ते सांगतात. त्यांचा चष्मा देवनागरीपुरताच अधू आहे, हे नेत्रवैद्यकातलं एक आश्चर्य मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

मंगळवारी मी कुकटपल्लीला गेलो. सही करण्याआधी चार लोकांशी बोलावं, एवढंच डोक्यात होतं. पहिल्याच माणसाने मला हाकलून दिलं.

३

"तुम्ही पत्रिका छापता ना?" केतकी म्हणाली. "मग माझी बडतर्फीची पत्रिका छापा. आहेर आणू नये असं लिहा खाली. चला, निघा आता."

केतकी पुण्याची. पुण्याचे लोक हैदराबादेत आले की त्यांचा आवाज आणखी स्पष्ट होतो, समोरच्याला समजत नसेल या काळजीने.

मी दारापर्यंत गेलो आणि परत आलो. "एकच विचारतो. ते मेण नंतर कुणी खुपसलं असेल का? तुम्हाला अडकवायला?"

ती थांबली. असा प्रश्न तिला समितीत कुणी विचारला नव्हता.

"नाही," ती म्हणाली. "त्या मेणाभोवती आठ आठवड्यांचा पापुद्रा धरलाय. ते पहिल्या दिवसापासून तिथेच होतं. हेच तर माझ्या विरुद्ध जातंय ना."

"आणि एक नंबरातलं मेण? विरघळलं असेल?"

"अहो, मेण आहे ते. साखर नाही."

"म्हणजे पहिल्या दिवशी तुम्ही चुकलात."

"मी दहाही ऑपरेशनं स्वतःच्या हाताने केली. एक नंबरला मेण घातलं तेव्हा ते माझ्या हातमोज्याला चिकटलं होतं, मी शिव्या घातल्या होत्या. नऊ नंबरला पेस्ट भरली. चार वर्षं, मंदार. आईबाबा विचारतात कधी संपणार, मी म्हणते आता आलंच. आणि ज्या निकालाने माझी पीएचडी होणार तोच मी स्वतः बिघडवीन? मला वेड लागलंय का?"

"हाडं काढली त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?"

"डेंग्यू. आठ दिवस झोपून होते. शिवराजने काढली."

मी बाहेर पायऱ्यांवर बसून विचार केला, सवय नसताना. एका सशातलं मेण नाहीसं झालं, दुसऱ्या सशात तेवढंच उगवलं. मेण काही चालत जात नाही. मग ससा चालत गेला असेल. ससाही गेला नसेल, तर त्याचं नाव चालत गेलं असणार.

आणि सशाचं नाव असतं त्याच्या कानावर.

४

शिवराज तिथला तंत्रज्ञ. घर मराठी, शाळा इंग्रजी, दोस्त तेलुगू, शिव्या दखनी. मराठी बोलतो फर्डी, पण वाचायला दिलं की कागद उलटा धरतो की काय असं वाटतं.

"हौ, कानाला टॅग असतात की," तो म्हणाला. "लोखंडी. नंबर छापलेला. सरांनी नवे मागवले ना, एकदम हौले, फालतू टॅग. दोन तर निकलूनच गेले."

"कुठले दोन?"

"एक आणि नऊ."

"शिवराज! हे समितीला सांगितलं नाहीस?"

"अय्यो, सांगितलं ना! जबाबात आहे. देखो."

होतं. समितीने जबाब संगणकाला ऐकवले होते, आणि संगणकानेच ते लिहून इंग्रजीत आणले होते. तिथे नोंद होती: एक आणि नऊ नंबरच्या सशांचे टॅग दोन दिवसांपूर्वी पडले. जबाबाची तारीख दोन मार्च. म्हणजे टॅग पडले अठ्ठावीस फेब्रुवारीला. आणि ससे मेले होते जानेवारीच्या शेवटी. महिनाभर आधी मेलेल्या सशांचे टॅग परवा गळून पडले, असं समितीने वाचलं, खाली 'असंबद्ध' असा शेरा मारला आणि चहा घेतला.

"तू नेमकं काय बोललास, शिवराज?"

"बोललो की, परसों टॅग निकल गए."

मी डोळे मिटले. संगणकाला काय माहीत? हैदराबादेत परसों म्हणजे परवा नाही. परसों म्हणजे कालच्या पलीकडचा कुठलाही दिवस. माझे आजोबा परसों वारले. चारमिनार परसों बांधला.

"हे परसों म्हणजे कधी?"

"संक्रांतीच्या पहले."

म्हणजे ससे जिवंत असताना. म्हणजे हाडं काढायच्या आधी.

"मग टॅग नसताना एक कोण आणि नऊ कोण, हे कसं कळलं?"

"ससे सांभाळणाऱ्या दत्तोबांनी कानात मार्करने लिहिलं. त्यांना फोन करून विचारा ना. नंबर भिंतीवर आहे. पण लगता नहीं. सरांनी तीन दफे लावला, तिन्ही दफे सिकंदराबादची एक खाला, कुणाची तरी मावशी, फोन उठाती. सर तिलाच बोलले, पिंजरे साफ का केले नाही. ती बोली, तुम्हारे बाप के पिंजरे क्या."

मी भिंतीकडे पाहिलं. खडूने लिहिलेला मोबाइल नंबर होता. मी तो लावला. पहिल्या झटक्यात दत्तोबांनी उचलला.

५

दत्तोबा मूळचे भालकीकडचे. तीस वर्षं सशांची देखभाल. ते कोबीची पानं निवडत बसले होते, सशांसाठी, आणि माणसांना मिळत नाही इतकी चांगली निवडत होते.

"दत्तोबा, एक आणि नऊचे बिल्ले पडले, तेव्हा तुम्ही लिहिलं?"

"लिवलं की. मार्करनं. दर आठ दिवसाला गिरवायचो. पुसतंय ना बाबा, कान चाटत्यात एकमेकांचे."

"तुमची अदलाबदल नाही ना झाली?"

त्यांनी माझ्याकडे, कोबीतल्या अळीकडे बघावं तसं बघितलं. "एक नंबर लालडोळ्या, भांडखोर. नऊ नंबर गरीब, कोपऱ्यात बसायचा. तुमी तुमच्या पोरांची अदलाबदल करता का?"

"मला पोरं नाहीत."

"बरंय," ते म्हणाले. कशाबद्दल, ते मी विचारलं नाही.

"हे समितीत का नाही सांगितलं?"

"मला कोण इचारतंय?"

खरं होतं. चौकशी केतकीची झाली, शिवराजची झाली, पेस्ट बनवणाऱ्यांची झाली, मेण पुरवणाऱ्यांची झाली. सशांना ओळखणारा एकच माणूस होता. तो कोबी निवडत होता.

मी शिवराजकडे परत गेलो. "हाडं काढताना कानांचे फोटो घेतले होते?"

"हौ. नियम आहे. दसों के."

त्याने संगणकावर फोटो उघडले. आठ फोटोंत लोखंडी टॅग. मग 'ससा 9' या नावाची फाइल. गुलाबी कान, त्यावर काळ्या मार्करचा ठसठशीत आकडा. शिवराज म्हणाला, "ये देखो, नऊ. साफ दिसतंय."

मला साफ दिसलं. पाहुणे आठ दिवस उशिरा का आले तेही दिसलं. तो हॉल, ते बारसं, पत्रिकेवरचा माझ्या हातचा सुबक, निर्दोष आकडा.

"शिवराज," मी म्हटलं, "त्या दिवशी कानावरचे नंबर कोणी वाचले? तू?"

"नहीं ना. मी हाडं काढत होतो, हात भरलेले. वाचले दुसऱ्यांनी. ते बोलले, मी हात धुऊन लिहिलं."

"कोणी?"

शिवराजने दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणून नाव सांगितलं.

६

शुक्रवार. समितीचे सगळे सदस्य, बिस्किटं, पाण्याच्या छोट्या बाटल्या. केतकी टोकाच्या खुर्चीत, हात घडी घालून. तिच्यासमोरच्या कागदावर फक्त सह्या बाकी होत्या.

"मला एक साक्षीदार बोलवायचाय," मी म्हणालो आणि दत्तोबांना आत घेतलं. भगवंतरावांनी त्यांच्याकडे, खोलीत ससा सुटल्यासारखं पाहिलं.

मी पडद्यावर पहिला कान लावला.

"सर, हा आकडा वाचता?"

"नाइन."

"मराठीत?"

"नऊ! वेळ नको घालवू, मंदार."

"दत्तोबा, तुम्ही वाचा."

"एक, साहेब," दत्तोबा म्हणाले. "माझ्याच हातचा हाय."

पडद्यावर होतं: १.

खोलीत असा आवाज झाला, की सगळ्यांनी एकदम बिस्किट चावायचं थांबवलंय.

"इंग्रजी नवाची शेपटी डावीकडे वळते," मी सांगितलं. "आपल्या एकाची उजवीकडे. दत्तोबा मराठी शाळेत शिकले, त्यांनी मराठीत लिहिलं. भिंतीवरचा फोन नंबरही. म्हणून तुमचा फोन सिकंदराबादला लागायचा, सर. नऊ नंबरच्या फाइलमधला ससा हा एक नंबरचा ससा आहे. त्याच्यात केतकीने मेण घातलं होतं. आणि मेण तिथेच सापडलं. जिथे ठेवलं तिथेच बसून राहणारी या संस्थेत ती एकच गोष्ट आहे."

"मग हे शिवराजचं काम!" भगवंतराव म्हणाले. "या पिढीला मराठी वाचता येत नाही, हे मी दरवर्षी—"

"शिवराजने फक्त लिहिलं, सर. कान कोणी वाचले?"

भगवंतराव पाणी प्यायले. छोटी बाटली होती, लगेच संपली.

मी दुसरा कान लावला. फाइलचं नाव 'ससा 1'. कानावर होतं: ९.

"सर, हा काय वाचलात त्या दिवशी?"

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. मराठी मंडळाचे अध्यक्ष, 'मराठी वाचवा', चाळीस मिनिटं. कान मोठा होता, आकडा मोठा होता, चष्मा नाकावर होता.

"एक," ते म्हणाले.

"हा एकासारखा दिसतो?"

"नाही."

"मग?"

"बाकीचे नऊ झाले होते," भगवंतराव म्हणाले. "उरला होता एकच."

केतकी हसली. चार वर्षांत ती त्या खोलीत पहिल्यांदाच हसली असावी, कारण खुर्च्यासुद्धा दचकल्या. मग ती उठली, फळ्यावर गेली आणि दोन नावं जागच्या जागी केली. मेणवाले पाच, पाचही भोकं उघडी. पेस्टवाले पाच, पाचही भरलेली. दहापैकी दहा. "चार वर्षं," ती खडूला म्हणाली. बाकी कुणाशी बोलावंसं तिला वाटलं नाही.

भगवंतरावांनी फळ्याकडे पाहिलं. पेस्ट आपल्याच संस्थेची आहे हे त्यांना तेवढ्यात आठवलं, आणि चेहऱ्यावर संशोधनाचा आनंद पसरला. तरी अध्यक्ष म्हणून त्यांनी ठराव मांडला, की घडलेल्या गोंधळाचं कारण नऊ नंबरच्या सशाचं नैसर्गिक वेगळेपण आहे. सगळ्यांनी हात वर केले.

"इतिवृत्तात लिहून घेतो," मी म्हणालो. "नऊ नंबरचा म्हणजे कुठला? दत्तोबांचा की तुमचा?"

त्यानंतरची दहा मिनिटं बिस्किटांत गेली. मग दुसरा ठराव आला: चौकशी झालीच नव्हती. जी चौकशी झाली नाही तिच्यात केतकी दोषी असू शकत नाही, आणि जी दोषी नव्हती तिची माफी मागायचं कारण उरत नाही. सह्यांचा कागद मशीनमध्ये घालून बारीक कापला. कात्रणं दत्तोबांनी पिंजऱ्यांत अंथरायला नेली.

७

केतकीचा प्रबंध विद्यापीठात गेला. दहा ससे, सगळे आपापल्या नावाने. कानाच्या दोन फोटोंखाली तिने लिहिलंय, 'वाचन: दत्तोबा'.

संस्थेचा शोधनिबंधही निघाला. पहिले लेखक भगवंतराव. आभार मराठी मंडळाचे. दत्तोबांचं नाव कुठेच नाही. त्यांच्यासाठी एक सूचना काढली, यापुढे आकडे इंग्रजीतच लिहावेत. सूचना इंग्रजीत आहे. दत्तोबांनी तिच्यावर कोबीचं वेळापत्रक टांगलंय.

समितीचा सदस्य म्हणून मी पत्र दिलं. पोच मिळालेली नाही. प्रत खाली जोडतो.

प्रति,
मा. अध्यक्ष, प्राणी नीतिमत्ता समिती.

विषय: लेखकांच्या क्रमाबाबत.

महोदय,
सदर शोधनिबंधातील दहाही ससे अचूक ओळखणारी व्यक्ती संस्थेत एकच असल्याचे, न झालेल्या चौकशीत सिद्ध झाले आहे. तरी श्री. दत्तोबा यांचे नाव लेखकांच्या यादीत क्रमांक १ वर घालण्यात यावे. सदर आकडा आपण स्वतः वाचू नये. दत्तोबांकडून वाचून घ्यावा, ही नम्र विनंती.